वहिनीच्या पायाला पलटणीच्या पट्ट्या

आमच्या घरात वहिनीला बसायला जागा नव्हती असं नाही. जागा होती, बसायची रीत नव्हती.

पाटणच्या अलीकडे, कोयनेच्या काठी आमचं गाव. घर म्हणजे पुढे ओसरी, मागे माजघर, माजघराच्या एका कडेला चूल आणि ओसरीला लागून गोठा. ओसरीवर वडील बसत. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. पहिल्या महायुद्धात ते इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले शिपाई होते. ओसरी आणि माजघर यांच्यामधलं दार दिवसभर उघडं असे. दिवसा दार लावायचं ते घरात काही विपरीत घडलं तरच, अशी समजूत होती. आणि सासरा समोर असताना सून बसत नसे. त्यामुळे आबा ओसरीवर असले की वहिनी चौकटीच्या आत, भिंतीला खांदा लावून उभी राही. पाहुणे जेवत असले की उभी. आबा जेवत असले की उभी. भाकरी थापताना, जात्यावर दळताना आणि सगळ्यांच्या शेवटी जेवताना ती बसे, तेवढंच. बाकीचा दिवस शेतात जाई, आणि आमच्याकडचं शेत म्हणजे भाताचं. तिथेही चिखलात वाकून उभीच.

मी मराठी शाळेत असताना आई गेली. पुढच्याच वर्षी दादाचं लग्न होऊन वहिनी आली. तालुक्याच्या शाळेत जाताना माझ्या फडक्यात भाकरी तिने बांधली, आणि दादा पलटणीत गेल्यावर माझी फी त्याच्या पगारातून गेली. आमच्या घरातला मी पहिला मॅट्रिक आणि पुढे पहिला पदवीधर. त्यात माझी हुशारी किती होती हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हे जे लिहितो आहे ते उपकार फेडण्यासाठी नाही, ते फिटणारे नाहीत. फक्त त्या एका वर्षात घरात काय झालं ते सांगावंसं वाटतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. दादा समुद्रापलीकडे होता. त्याचं पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई आणि त्यातल्या निम्म्या ओळींवर काळी शाई फासलेली असे. मी सांगलीला कॉलेजात शिकत होतो, बोर्डिंगात राहत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा वहिनी लंगडत होती.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगून वर आल्या होत्या, ते मला माहीत होतं. गावात पुष्कळ बायकांना त्या असत. संध्याकाळी पावलं सुजत, सकाळी उतरत. त्याला कुणी दुखणं म्हणत नसे. पण त्या पावसाळ्यात डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला काटा लागला होता. काटा निघाला, जखम राहिली. हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला, तूप झालं, चुलीतली राख झाली. जखम सुकायच्या ऐवजी रुंदावत गेली. तिच्या भोवतीची कातडी तांबूस काळी आणि चामड्यासारखी टणक झाली होती. लावणीच्या शेवटी-शेवटी वहिनीला उभं राहवेना, आणि कापणीला ती गेलीच नाही.

घरात आणखी एक बाईमाणूस होतं, आत्या. आबांची धाकटी बहीण. तिला दम्याचा त्रास म्हणून सासरच्यांनी चार दिवस माहेरी धाडलं होतं; हवापालट होईल, बरी झाली की नेऊ, असं सांगून. मग तिकडे दुसरी बायको आली. ते चार दिवस अजून संपले नव्हते. मला कळायला लागल्यापासून आत्या आमच्याच घरात होती. जिभेने कडक. तिचा दमा मात्र कधीच बरा झाला होता.

भाऊबीजेच्या दिवशी वहिनी मला ओवाळायची, तिचा भाऊ लांब होता म्हणून. ओवाळून झाल्यावर तबक खाली ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "भावजी, शिमगा झाला की मला माहेरला धाडनार हायती."

"कुणी सांगितलं?"

"आत्याबाय बोलल्या. मामंजी 'बघू' म्हनले. पाय बरा झाला की आनू म्हनत्यात." तिने पदराने कपाळ पुसलं. "धाकटी माझ्यासंगं यील. पोरगं हितं ऱ्हाईल."

पोरगं म्हणजे तिचा थोरला, पाच वर्षांचा. चुलीपाशी आत्या भाकरी थापत होती, तिच्या हातांचा आवाज येत होता. वहिनीने तिकडे नुसतं पाहिलं आणि तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही; आत्याचे ते चार दिवस मला आठवले.

संध्याकाळी मी आबांजवळ विषय काढला. ते रागावले नाहीत. "मी का वाइटावर हाय तिच्या?" ते म्हणाले. "घरात हात न्हाईत. आत्याचं वय झालं. हिचा पाय असा. माहेरी बसून खाईल, इसावा घील."

"सांगलीला दाखवू या. आमच्या बोर्डिंगात एक डॉक्टर येतात, चांगले हायत."

"दाखव," आबा म्हणाले. "शिमग्यापतोर तुझं औषिद. मग तिच्या भावाची गाडी येनार. मी सांगावा धाडलाय."

सुट्टी संपता संपता मी वहिनीला घेऊन निघालो. कराडपर्यंत सर्व्हिस मोटर होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मागे कोळशाची भट्टी लावलेली, आणि चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं. मोटारीत आमच्या भावकीतले एक म्हातारे बसले होते. वहिनीने त्यांना पाहिलं आणि बाकावर जागा असूनही दांडा धरून उभी राहिली. म्हातारे डोळे मिटून पेंगत होते. मी दोनदा सांगितलं, तिने ऐकलं नाही. कराडहून आगगाडीत मात्र बायकांचा डबा होता. तिथे ती बसली, सांगलीपर्यंत.

डॉक्टर साठीकडे झुकलेले, बारीक अंगाचे, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी वहिनीला बाकावर बसवलं आणि समोर स्टुलावर बसून तिचा पाय हातात घेतला. वहिनीने तो झटकन मागे ओढला. वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा, हे तिला सोसेना.

"बाई, मला पायाशीच काम आहे," डॉक्टर म्हणाले. "पाप लागलं तर मला लागेल."

त्यांनी जखमेकडे नंतर पाहिलं. आधी पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून नाडी शोधली. मग घोट्यामागे. बोटांचा गारपणा, नखांचा रंग पाहिला. मग म्हणाले, "पावलावर नाडी चांगली लागते आहे. म्हणजे रक्त खाली येतं आहे. ते वर परत जात नाही. दिवसभर तुम्ही काय करता?"

वहिनीने पदर पुढे ओढला. मी सांगितलं.

"बसता केव्हा?"

"जेवताना," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मला जे समजावलं ते साधं होतं. हृदय रक्त खाली ढकलतं, ते काम सोपं. परतीची वाट चढाची. त्या वाटेवर, शिरांच्या आत, बारीक-बारीक झडपा असतात. रक्त वर सरकलं की मागे दार लागतं, म्हणून ते घसरत नाही. सतत उभं राहून आणि बाळंतपणात शिरा ताणल्या की दारं नीट मिटेनाशी होतात. मग रक्त खालीच साचतं, पाय सुजतो, कातडीला ताजं रक्त मिळत नाही. तिथे काटा लागला तर जखम भरायची कशाने? वर कितीही हळद घाला.

"औषध फार नाही," ते म्हणाले. "उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, स्वच्छ फडकं ठेवायचं. पायाच्या बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी बांधायची. चालायचं, पण उभं राहायचं नाही. आणि दिवसातून तीन वेळा, निदान अर्धा-अर्धा तास, पाय छातीपेक्षा उंच करून पडायचं. रात्री बाजेचा पायताकडचा भाग उंच करायचा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं."

रबरी पट्टी लढाईत मिळेनाशी झाली होती. डॉक्टरांनीच विचारलं, "घरात शिपाई आहेत ना? मग पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या असतीलच. त्या चालतील."

परत येताना, कराडहून मोटारीत, वहिनीने मला विचारलं, "भावजी, ते दाराचं मला उमगलं. पन चाला आन उभं ऱ्हाऊ नका, ह्ये काय? दोन्हीला पायच लागत्यात की."

मी जरा विचार केला. "मळ्यातली मोट बघती न्हवं तू? बैल धावेवरनं चालत उतरतो तवा मोट वर येती. बैल उभा ऱ्हायला तर?"

"तर मोट तितंच लोंबकळती."

"तुझी पोटरी म्हंजे बैल. ती हालली की रगत वर चढतं."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी इतकी वर्सं बैल जुपून नुसता हुबा केला म्हना की." आणि हसली. त्या सुट्टीत ती पहिल्यांदाच हसली असेल.

घरी आल्यावर पट्ट्यांचं नाव काढताच आबा उठले. माझ्या बोलण्यातलं रक्त, झडपा, शिरा यांतलं त्यांनी काय ऐकलं कोण जाणे. पट्टी मात्र ऐकली. ट्रंक उघडून, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्याखालून त्यांनी खाकी लोकरीची दोन भेंडोळी काढली. पण शिकवायचं कसं? सुनेच्या पायाकडे सासऱ्याने नजरसुद्धा टाकायची नाही. आबांनी मला हाक मारली.

"ये हिकडं. पायरीवर पाय ठेव."

मी ठेवला. वहिनी दाराआड होती. आबा माझ्याशी बोलत होते, पण आवाज परेडचा होता.

"घोट्यापास्नं सुरू. हर येढ्याला खालचं निम्मं कापड झाकलं पायजे. कड वाकडी व्हायची न्हाई. कळलं का?"

"कळलं," मी म्हटलं.

आबा थांबले. ते माझ्या 'कळलं'साठी विचारत नव्हते. आत काकणं किणकिणली, तेव्हा त्यांनी पुढचा वेढा घेतला.

"डॉक्टरांनी बोटांपास्नं सांगितलंय," मी म्हणालो.

"पावलात बूट असतो. पट्टी घोट्यापास्नंच." शेवटचा वेढा गुडघ्याखाली आला तेव्हा त्यांनी तो अंगातलं बळ लावून आवळला. "हितं गच्च. परेडवर पट्टी सुटली तर साऱ्या कंपनीची मान खाली जाती. कळलं का?"

काकणं वाजली.

आत्या दळण घेऊन चालली होती. ती आबांना म्हणाली, "दादा, आता सुनंला बंदूक तेवढी दी. माहेरला जाताना वाटंत कामाला यील."

"तुझी जीब हाय की, तीच दीन," आबा म्हणाले.

गावात दोन दिवस थट्टा झाली. नदीवर बायकांनी वहिनीला विचारलं म्हणे, भरती कवा झालीस गं? मी सांगलीला परतलो तेव्हा मनातून निर्धास्त होतो.

महिन्याभराने डॉक्टर बोर्डिंगात आले. "पट्टी कशी बांधता?" त्यांनी विचारलं. मी धोतराचा काठ फाडून काढलेली एक लांब चिंधी घेतली आणि आबांनी शिकवलं तसं त्यांना माझ्याच पायावर बांधून दाखवलं. डॉक्टर आधी हसले. शेवटचा वेढा आवळला तसे हसायचे थांबले.

"हे मैलोगणती चालणाऱ्या, धडधाकट पायासाठी आहे," ते म्हणाले. "खाली सैल, वर घट्ट, म्हणजे परतीच्या वाटेवर बांध घातलात. उलट हवं. खाली घट्ट, वर जाल तसं सैल. पाऊलही झाकलं पाहिजे. आजच्या आज ती पट्टी सोडवा."

आठवड्याची रजा काढून मी शनिवारी घरी पोचलो. वहिनी चुलीपुढे होती. पट्टी अगदी नेमकी बांधलेली, एक कड वाकडी नाही. पट्टीखालून बाहेर आलेलं पाऊल मात्र लोडासारखं फुगलेलं, आणि बोटं जांभळाच्या रंगाची.

"वैनी, ह्ये असं कवापास्नं?"

"पट्टी बांधल्यापास्नं."

"मग सोडायची न्हाई?"

"मामंजींनी शिकवल्यालं मी कसं मोडनार?" ती म्हणाली. जणू मीच काही खुळ्यासारखं विचारलं होतं.

आबांना सांगणं सोपं नव्हतं. पट्टी ही त्यांच्या आयुष्यातली अशी एक गोष्ट होती की तिच्यात त्यांना कुणी चूक दाखवली नव्हती, गोऱ्या साहेबानेही नाही. मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वरचा वेढा म्हणजे बांध, हेही सांगितलं. ते खांबाला टेकून ऐकत राहिले. तंबाखूची चिमूट काढली होती ती तळहातावर तशीच राहिली.

"लय सुजलाय?" त्यांनी विचारलं.

"लय."

त्यांनी तळहातावरची चिमूट परत चंचीत टाकली. मग म्हणाले, "पलटणीत पाय चालायला बांधत्यात. हितं बरा व्हायला बांधायचा हाय. मला ते ध्यानात आलं न्हाई." आणि उठून आतून पट्टी मागवली.

त्या संध्याकाळी आबा ओसरीच्या खांबाला पट्टी बांधत बसले. खाली घट्ट, वर सैल. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप वर आवळत. नाही आवळलं की पट्टी घसरून खाली ढीग होई, आणि ते पट्टीला पलटणीतल्या शिव्या देत. शेवटी डॉक्टरांनी मला दाखवलेला टाचेभोवतीचा आठाच्या आकड्यासारखा वेढा मी माझ्या पायावर घालून दाखवला, मग ती बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी पायरीवर, आबा खाली, वहिनी दाराआड.

"मागलं समदं इसरायचं," आबा म्हणाले. "वर दोन बोटं आत गेली पायजेत. कळलं का?"

काकणं वाजायला वेळ लागला. मग वाजली.

सूज दोन-तीन दिवसांत उतरू लागली. पण जखम तशीच होती. निघण्याच्या दोन दिवस आधी मी वहिनीला विचारलं, "पाय वर करून पडती न्हवं?"

"पडती की."

थोरला तिथेच गोट्या मोजत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आय खोटं बोलती. आय निजतच न्हाई."

वहिनीने त्याच्या पाठीत हलकी चापट मारली आणि मग स्वतःच हसली. "कुटं पाय करू, भावजी? तुमीच सांगा. हिकडं ओसरी, मामंजी बसल्यालं. सासऱ्यापुढं तंगड्या वर करून पडू? त्या अंगाला देव. तिकडं चूल, अग्नीकडं पाय न्हाई करायचं. ऱ्हायली दक्षिण, तिकडं यमाचं घर. रातीला धान्याच्या पोत्यावर पाय ठिवलं तर आत्याबाय म्हनल्या, लक्षुमीला लाथ मारती का? ह्या घरात मानसाला उबंच ऱ्हाता येतं."

ती हे तक्रारीने बोलत नव्हती. एखादं कोडं घालावं तसं सांगत होती. 

संध्याकाळी मळ्यात मी आबांना सांगितलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं आणि तेच होत नव्हतं. ते मोटेचा नाडा तपासत होते. गाठी आवळत राहिले. मला वाटलं, ह्या गोष्टीवर बोलणंच त्यांना अवघड वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली. ओसरीच्या पायरीवर उभे राहून, गोठ्याकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "आता दोन घटका मी गोठ्यात. ओसरीवर कुनी न्हाई." आणि गेले. गोठ्यात म्हशीशेजारी घोंगडी अंथरून पडले.

माजघरात वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्यासाठी जुन्या वाकळांची गुंडाळी केली. ती पडली, ओसरीच्या दिशेने पाय करून, त्या गुंडाळीवर टाचा ठेवून. डोळ्यांवर पदर ओढून घेतला होता. तेवढ्यात एक शेजारी आबांना हाक मारत आला. गोठ्यातून आबांचा आवाज आला, "हितं ये. ओसरीवर जायचं न्हाई."

"का रं, काय झालं?"

"शेणाचा वास घ्यायची हौस आली मला. बस हितं."

परत येताना ते अंगणातूनच खाकरले, पायरीवर पाय घासले, आणि मग वर चढले. वहिनी तोवर उठून चुलीपाशी गेली होती.

हे पुढे रोज झालं. मी सांगलीला होतो, पण थोरल्याकडून आणि वहिनीकडून नंतर सगळं ऐकलं. दुपारी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा, सकाळी आबा मळ्यात गेल्यावर एकदा. आत्याला ते सहन होईना. एके दिवशी ती आबांना म्हणाली, "दादा, दुनिया बगती. सासरा शेनात आन सून गादीवर. उद्या पाय चेपायला बस."

आबा म्हशीची वैरण टाकत होते. ते म्हणाले, "ह्या घरात तुझी भावजय उबीच ऱ्हायली, उबीच गेली. मी कवा बस म्हनलो न्हाई. तू तरी बगितलं हुतंस तिचं पाय?"

आत्याने आईचे पाय पाहिले होते. ती आत निघून गेली.

राहिली रात्र. रात्री आबा ओसरीवर निजत, तेव्हा तिकडे पाय करणं शक्य नव्हतं. संक्रांतीला मी घरी आलो तर माजघरात काहीतरी बदललेलं वाटलं. देव्हारा जुन्या कोनाड्यात नव्हता. चुलीच्या वरच्या फळीवर नवा गेरू लावून तिथे देव मांडले होते. जुन्या कोनाड्याकडे पाय होतील अशी बाज घातली होती, आणि तिच्या पायताकडच्या खुरांखाली नांगराच्या जुन्या लाकडाचे दोन ठोकळे. ठोकळे आबांनी तासले होते. देव आत्याने हलवले होते.

"आत्या, देव का गं हलवलं?" मी विचारलं.

"तितं वल यीत हुती," ती म्हणाली.

मी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत होती. आत्या तीळ निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवाला उचलून कुटंबी ठिवता येतं बाबा. त्येस्नी काय, बसूनच असत्यात."

माघ निम्मा सरला तसा जखमेचा रंग बदलला. कडेने गुलाबी, पातळ कातडी आत सरकू लागली. वहिनी आता पाणी आणायला नदीपर्यंत चालत जाई आणि वाटेत कुणी बोलायला थांबवलं तर जागच्या जागी टाचा वर-खाली करत राही. बायका हसत. ती म्हणे, "माझा बैल उबा ऱ्हात न्हाई." पण शिमगा जवळ आला तरी जखम मिटली नव्हती. तुरीच्या डाळीएवढी राहिली होती. ती पुरी भरली चैत्रात. पण चैत्रात वहिनी या घरात असेल की नाही हे त्या वेळी आम्हाला कुठे माहीत होतं? सांगावा गेलेला होता. आबांनी तो परत घेतला नव्हता, आणि त्यांना विचारायचं धाडस मला होत नव्हतं. वहिनीने धाकटीची दुपटी धुऊन घडी घालून ठेवली होती. थोरल्याचा सदरा तिने दोन ठिकाणी शिवला, एरवी एकच ठिगळ लावलं असतं. ती मला एवढंच म्हणाली, "पाय हितंच बरा हुतोय, भावजी. ह्ये कुनाला दिसतंय का न्हाई?"

धुळवडीनंतर दोन दिवसांनी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. ऐन दुपारी. मी सुट्टीवर होतो, अंगणात होतो. त्याने बैल सोडले, डोक्याचं मुंडासं काढून घाम पुसला आणि ओसरीकडे निघाला.

गोठ्यातून आबा बाहेर आले. "राम राम, पावनं. हिकडं या."

"राम राम. आवं, ओसरीवर बसतो की."

"तितं आत्ता जायचं न्हाई. तुमची भैन पाय वर करून पडलीया. तिचा वकुत हाय ह्यो."

सुनेच्या भावाला, एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला, आबांनी गोठ्यात घोंगडीवर बसवलं. म्हैस त्याच्याकडे बघून रवंथ करत राहिली. मी पाण्याचा तांब्या नेला. पाहुणा बिचारा गोंधळून गेला होता.

"मग, तयारी झाली असंल तिची?" त्याने विचारलं. "उनं उतरली की निघावं म्हनतो."

"पाय कसा हाय ते इचारा की आदी," आबा म्हणाले.

"कसा हाय?"

"भरत आलाय. जखम दान्याएवढी ऱ्हायलीया." आबांनी गवताची एक काडी मोडली. "तुमच्या घरात तिला पट्टी कोन बांधून दावनार? दुपारचं घर सोडून भाईर कोन बसनार? तुमी बसाल?"

पाहुण्याने म्हशीकडे पाहिलं. "आमचं घर लहान हाय, मामा."

"आमचंबी लहानच हुतं," आबा म्हणाले. "तिला न्यायची न्हाई. तुमाला उगं हेलपाटा घातला, मी दुसरा सांगावा धाडाय पायजे हुता. मन ठरत नव्हतं. जेवून जावा."

पाहुण्याचा चेहरा मोकळा झाला. त्याच्या घरी खाणारी तोंडं आधीच पुष्कळ होती, आणि बहिणीला परत आणल्याचं गावाला काय सांगायचं याचाही त्याला घोर असणार. पण त्याने रीतीप्रमाणे दोनदा "असं कसं" म्हटलं.

मी आत गेलो. वहिनी बाजेवर पडून होती, पाय उंच, डोळ्यांवर पदर. आत्या उंबऱ्याजवळ बसून होती. तिने सगळं ऐकलं होतं, गोठ्याची भिंत पातळच होती. वहिनीनेही ऐकलं असणार, कारण पदराखालून तिचे ओठ हलत होते आणि ती उठायला बघत होती.

"पडून ऱ्हा गं," आत्या म्हणाली. "अजून वकुत झाला न्हाई तुझा. भाकरी मी टाकती. घटकाभर का हुईना, तुझा भाऊ पावना हाय." आणि कोपऱ्यातलं दुपट्यांचं गाठोडं उचलून तिने ते सोडलं, एकेक दुपटं झटकून दांडीवर टाकलं.

उन्हं उतरल्यावर पाहुणा निघाला. आबांनी त्याला थांबवलं. रिकामी गाडी दारातून पाठवायची नाही म्हणून त्यांनी आणि मी मिळून गाडीत कडबा भरला, वर एक गुळाची ढेप ठेवली. गाडी नदीच्या उताराला लागली. थोरला तिच्या मागे पळत जाऊन परत आला आणि आबांच्या धोतराला धरून उभा राहिला. त्याला गेले कित्येक दिवस कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने बरंच काही ऐकलं होतं.

"आबा, मामा कशाला आला हुता?"

आबांनी त्याच्या केसांतलं कडब्याचं पान काढलं.

"कडबा न्यायला," ते म्हणाले.